रेषा मोजा, मग पाऊल टाका

सातवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो विचारतो, ‘भूगोलाच्या वहीत आम्ही समोच्च रेषा काढतो. कांदा आडवा कापल्यासारखी गोल गोल चित्रं. त्यांचा दोन मार्कांपलीकडे काही उपयोग असतो का हो?’

प्रश्न चांगला आहे. उत्तर देतो, पण आधी माझी एक फजिती ऐका. त्या दोन मार्कांच्या रेषा मला नीट वाचता आल्या असत्या, तर ती झालीच नसती.

मी तेव्हा कॉलेजात होतो. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघा मित्रांनी ठरवलं, की घाटमाथ्यावरच्या एका गावातून सरळ कोकणात उतरायचं. जवळ जिल्ह्याचा नकाशा होता, एसटी स्टँडवरच्या दुकानातून घेतलेला. त्यावर वरचं गाव आणि खालचं गाव यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर! पट्टी लावली, हिशेब केला. तीन किलोमीटर. ‘हे काय, तासाभराचं काम,’ मी म्हणालो. गावात जेवलो, गप्पा मारल्या आणि दुपारी चारला निघालो. पाण्याची प्रत्येकी एकच बाटली घेतली, कारण नकाशावर वाटेत एक ओढा दिसत होता.

कड्याच्या टोकाशी आलो तर खाली गाव दिसलं. कौलारू घरं, देऊळ, पाणी भरणाऱ्या बायका, सगळं अगदी हाताच्या अंतरावर. एक पायवाट खाली जात होती, ती धरली. ती गुरांची वाट होती, हे आम्हाला नंतर कळलं. शंभर-सव्वाशे मीटर उतरल्यावर ती एका गवताळ पट्टीवर आली आणि संपली. पुढे नुसता कातळ, तोही भिंतीसारखा उभा. ओढा सापडला, पण त्यात पाण्याचा थेंब नव्हता. नुसते दगडगोटे. परत वर चढावं तर सूर्य बुडालेला. त्या घाईत एका मित्राचा पाय घसरला आणि घोट्यात मुरगळला.

ती अख्खी रात्र आम्ही त्या गवताच्या पट्टीवर काढली. खाली गावातले दिवे दिसत होते, कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं, आणि आम्हाला ना खाली जाता येत होतं ना वर. सकाळी गवत कापायला आलेल्या एका आजोबांनी आम्हाला पाहिलं. ते म्हणाले, ‘आरं पोरांनो, हितनं कुठं जाताय? ह्यो तुटका कडा हाय. वाट त्या पल्याडच्या सोंडंवरनं जाती.’ मित्राला आधार देत त्यांनी आम्हाला वर आणलं. खरी वाट तिथून जेमतेम दीड किलोमीटरवर होती.

मित्राचा पाय दीड महिना प्लॅस्टरमध्ये होता. त्याच्या आईनं मला एवढंच विचारलं, ‘नकाशा नव्हता का जवळ?’

मी म्हणालो, ‘होता.’

‘मग?’

त्या ‘मग?’चं उत्तर मला महिन्याभरानं मिळालं. कॉलेजच्या भूगोल विभागात त्या भागाचा स्थलनिर्देशक नकाशा होता, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो तो मोठा, तपशीलवार नकाशा. त्यावर ती दोन्ही गावं शोधली. मध्ये तपकिरी रेषा होत्या. आम्ही जिथं उतरलो होतो, तिथं त्या एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या, की एकच जाड पट्टा दिसावा. आणि तिथून तीनेक सेंटिमीटरवर रेषा मोकळ्या होत गेलेल्या, त्यांच्यावरून तुटक रेघेची एक पायवाट वळणं घेत उतरलेली. आजोबांनी सांगितलं ते सगळं त्या कागदावर छापलेलं होतं. माझ्या नकाशानं अंतर खरंच सांगितलं होतं. उंची सांगितली नव्हती. आणि सह्याद्रीत उंची ठाऊक नसेल, तर नुसतं अंतर फार फसवतं.

आता या रेषा म्हणजे काय ते पाहू. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणं जोडली, की समोच्च रेषा होते. व्याख्या तुम्हाला पाठ असेलच. पण ती रेषा डोळ्यांनी पाहायचीय? मग उन्हाळ्यात एखाद्या धरणावर जा. पाणी कमी होत जातं तसे काठावर मातीचे पट्टे उमटतात, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. पाणी जिथं जिथं टेकलेलं होतं, तिथली उंची एकच, नाही का? म्हणजे प्रत्येक पट्टा ही निसर्गानं काढलेली समोच्च रेषाच झाली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय नकाशावर बघा. त्याचा काठ किती वेडावाकडा आहे! जिथं जिथं ओढ्याची घळ आहे तिथं तिथं पाणी बोटासारखं आत घुसलंय, आणि जिथं डोंगराची सोंड आहे तिथं जमीन पाण्यात पुढं आलीय. हे नीट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आणखी एक जागा सांगतो. पावसाचं पाणी अडवून जिरवण्यासाठी डोंगरउतारावर सलग समतल चर खणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारसारख्या गावांनी असे चर खणून आपल्या डोंगरांवर पाणी जिरवलं. हे चर डोंगराला वळसे घालत जातात, पण वर चढत नाहीत की खाली उतरत नाहीत. चढले-उतरले तर पाणी एका टोकाला धावेल आणि बांध फोडेल. गावकऱ्यांनी कुदळीनं जमिनीवर काढलेल्या समोच्च रेषाच त्या!

घरी करून बघायचं असेल तर एक ओबडधोबड बटाटा घ्या. आईला किंवा बाबांना तो मधोमध उभा कापायला सांगा. एक अर्ध सपाट बाजूवर पालथं ठेवा. हा झाला तुमचा डोंगर. त्यात वरून खालपर्यंत दोन टूथपिक आरपार खुपसा आणि काढून घ्या, म्हणजे दोन भोकं पडतील. आता सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या करून घ्या. सगळ्यात मोठी, खालची चकती कागदावर ठेवून पेन्सिलीनं तिची कडा गिरवा, भोकांच्या जागी ठिपके द्या. मग तिच्यावरची चकती घ्या, तिची भोकं त्याच ठिपक्यांवर आणा आणि गिरवा. असं शेवटच्या चकतीपर्यंत. कागदावर एकात एक वेटोळी तयार होतील. बटाट्याची जी बाजू उभट होती, तिथं रेषा जवळ आलेल्या दिसतील. जी बाजू पसरट होती, तिथं त्या लांब लांब. झाला तुमचा पहिला स्थलनिर्देशक नकाशा. (चकत्या वाया घालवू नका, काचऱ्या छान होतात.)

डोंगर मोजण्यासाठी ही युक्ती वापरली गेल्याचं एक अगदी सुरुवातीचं उदाहरण मोठं गमतीचं आहे. भिंत सरळ उभी आहे का हे पाहायला गवंडी ओळंबा सोडतो, तो तुम्ही पाहिला असेल. शेजारी मोठा डोंगर असला तर त्याच्या गुरुत्वाकर्षणानं ओळंबा डोंगराकडे किंचित, अगदी केसभर ओढला जातो. १७७४ साली नेव्हिल मॅस्केलिन या खगोलशास्त्रज्ञानं स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराशी जाऊन ही ओढ मोजली. त्यावरून आख्खी पृथ्वी किती वजनदार आहे ते काढायचं होतं. पण त्यासाठी आधी तो डोंगर केवढा, हे कळायला हवं. हे गणित आलं चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे. त्याच्यापुढं डोंगरावरच्या असंख्य ठिकाणांच्या उंचीचे आकडे होते, कागदभर नुसते आकडे. हटननं सारख्या उंचीचे आकडे रेषांनी जोडले, आणि त्या गर्दीतून डोंगराचा आकार वर आला. १७७८ साली त्यानं उत्तर सांगितलं, की पृथ्वी सरासरीनं पाण्याच्या साडेचार पट घन आहे. आज आपल्याला माहीत असलेला आकडा साडेपाच पट आहे. एका डोंगरावरून आणि काही रेषांवरून काढलेलं उत्तर म्हणून त्याला शाबासकी द्यायलाच हवी!

आपल्याकडं हे काम भारतीय सर्वेक्षण विभाग करतो. १७६७ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या वैज्ञानिक संस्थांपैकी एक. मुख्यालय देहरादूनला. या विभागाचा नेहमीचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असतो, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. प्रत्येक नकाशाला नंबर असतो. जुन्या पद्धतीत पुण्याचा नंबर ४७ एफ/१४. अशा एका कागदावर उत्तर-दक्षिण साधारण २७ आणि पूर्व-पश्चिम साधारण २६ किलोमीटरचा मुलूख बसतो. नव्या मालिकेच्या नकाशांना वेगळे नंबर आहेत. पूर्वी हे नकाशे मिळवायला बराच खटाटोप करावा लागे. २०१७ साली विभागानं ते इंटरनेटवरून उतरवून घ्यायची सोय केली. तुमच्या भागाचा नकाशा आई-बाबांच्या मदतीनं शोधून बघा.

नकाशा समोर आला, की आधी रंग ओळखा. तपकिरी रेषा म्हणजे उंची. हिरवा रंग झाडीचा, पिवळा शेतीचा, लाल रंग रस्त्यांचा आणि वस्तीचा. निळा पाण्याचा. आणि इथं माझ्यासारखी चूक करू नका : जे ओढे पावसाळ्यानंतर कोरडे पडतात, ते या नकाशावर काळ्या रेषेनं दाखवतात. आमचा ओढा या नकाशावर काळा होता. तो काळा रंग आधी पाहिला असता तर आम्ही तिघांनी सहा बाटल्या भरून घेतल्या असत्या.

आता रेषांची भाषा. बहुतेक नकाशांत दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. तो नकाशाच्या तळाशी लिहिलेला असतो, आधी तिथं बघायचं. दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे दोन जाड रेषांमध्ये १०० मीटर. मोजायला सोपं. बाकीचं असं वाचायचं :

रेषा दूर दूर, तर पठार किंवा सौम्य उतार. बिनधास्त चाला.

रेषा जवळ जवळ, तर खडा चढ. दम लागणार.

रेषा एकमेकींना चिकटलेल्या, तर कडा. तिकडं जायचं नाही.

रेषा ओळीनं उंच भागाकडे टोक करून वळलेल्या, तर ती घळ किंवा नाळ. शिवसागराचं पाणी बोटासारखं आत शिरलं होतं, ते आठवा.

रेषा सखल भागाकडे फुगून आलेल्या, तर ती डोंगराची सोंड. गावोगावच्या जुन्या वाटा बऱ्याचदा सोंडेवरून चढतात, ते उगाच नाही.

शेजारी शेजारी दोन वेटोळी आणि त्यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा, तर ती दोन शिखरांमधली खिंड.

सह्याद्रीचा नकाशा पाहिलात तर एक मजा दिसेल. रेषा गच्च, मग मोकळ्या, मग पुन्हा गच्च, मग पुन्हा मोकळ्या. असं का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. थर सगळे सारखे टणक नव्हते. मऊ थर झिजून तिथं उतरती पट्टी झाली, टणक थर कड्यासारखा उभा राहिला. म्हणून आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा. गड बांधणाऱ्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. खालच्या पायरीवर माची, वरच्या टोकावर बालेकिल्ला, आणि मधल्या कड्याची तटबंदी निसर्गानंच बांधून दिलेली! राजगडाचा नकाशा मिळाला तर नक्की बघा. मध्ये बालेकिल्ल्याचं छोटं वेटोळं, आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. गडावर न जाता गडाचा आकार कळतो. आमची रात्र जिच्यावर गेली, ती गवताची पट्टीसुद्धा अशीच एक पायरी होती.

आता हिशेब करू. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर. पायथ्याच्या आतकरवाडीपासून पायवाटेनं चढ साधारण ६०० मीटरचा. २० मीटरला एक, म्हणजे वाटेत किती रेषा ओलांडाव्या लागतील? तीस! पायवाटेची लांबी मात्र पावणेतीन किलोमीटरच्या आत. सपाट रस्त्यावर एवढं अंतर अर्ध्या तासात संपतं. मग सिंहगडावर अर्ध्या तासात पोचतो का आपण? मुळीच नाही.

यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक साधा नियम सांगितला. आपल्या मापात तो असा : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे एक किलोमीटरला १२ मिनिटं आणि १०० मीटर चढाला १० मिनिटं. सिंहगडाचं गणित करा. अंतराची ३२ मिनिटं, चढाची ६०, एकूण दीड तास. चढणाऱ्या कुणालाही विचारा, आकडा जवळपास जुळेल. लहान भावंडं, पाठीवर सॅक, डोक्यावर ऊन असेल तर वेळ आणखी वाढवून धरायचा, आणि थांबायचा वेळ वेगळा.

आमच्या त्या दोन गावांमध्ये पस्तीस रेषा होत्या. मी निघण्याआधी त्या मोजल्या असत्या तर ७०० मीटर उतार आहे हे कळलं असतं, आणि दुपारी चारला कुणीही निघालं नसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. नकाशा सगळंच सांगत नाही. दोन रेषांमध्ये २० मीटर असतात, म्हणजे पंधरा मीटरचा, पाच मजली इमारतीएवढा कातळ त्यांच्यामध्ये सहज लपू शकतो. पावसाळ्यात दरड कोसळते, वाट मोडते, झाडी वाढते. छापलेल्या कागदाला ते कळत नाही. म्हणून नकाशा वाचायचा आणि गावात विचारायचंसुद्धा. त्या आजोबांनी नकाशा पाहिला होता की नाही कोण जाणे, पण प्रत्येक सोंड त्यांच्या पायाखालची होती.

‘पण आता मोबाइलवर नकाशा असतो की!’ असं कुणीतरी म्हणणारच. असतो, आणि उपयोगाचाही असतो. पण त्याचा नेहमीचा सपाट नकाशा माझ्या एसटी स्टँडवरच्या नकाशासारखाच आहे : दोन ठिकाणं, मध्ये थोडंसं अंतर. डोंगराची उंची दाखवणारा प्रकार त्यात निवडावा लागतो, आणि तो निवडला की समोर येतात त्याच जुन्या समोच्च रेषा. त्या वाचायच्या आपल्यालाच. शिवाय दरीत रेंज जाते, बॅटरी संपते. घडी घातलेला कागद खिशात असलेला बरा.

पालकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गडावर जाल, तेव्हा आदल्या दिवशी नकाशा पसरून सगळे मिळून बसा. किती रेषा, किती वेळ, पाणी कुठं, अंधाराआधी परत यायचं तर निघायचं किती वाजता, हे मुलांना काढू द्या. चुकलं तरी घरात चुकेल.

जाता जाता एक कोडं. गाव ७०० मीटर उंचीवर आहे, टेकडीवरचं देऊळ ९०० मीटरवर. १:५०,००० च्या नकाशावर देवळाकडे दोन वाटा दिसतात. एक वाट २ सेंटिमीटरची, दुसरी ८ सेंटिमीटरची. दोन्ही वाटा सारख्या चढतच जातात. (१) प्रत्येक वाटेवर गावापासून देवळापर्यंत २० मीटरच्या किती रेषा लागतील? (२) नेस्मिथच्या नियमानं कुठल्या वाटेला किती वेळ? (३) गुडघे दुखणाऱ्या आजीला कुठल्या वाटेनं न्याल?

आधी स्वतः सोडवा, मगच खाली बघा.

उत्तर : (१) दोन्हीकडं दहाच रेषा, चढ तेवढाच आहे. (२) छोटी वाट १ किलोमीटर, म्हणजे १२ मिनिटं आणि चढाची २०, एकूण ३२ मिनिटं. मोठी वाट ४ किलोमीटर, म्हणजे ४८ आणि २०, एकूण ६८ मिनिटं. (३) छोट्या वाटेवर दर पाच मीटरला एक मीटर चढ, जवळजवळ जिनाच. मोठ्या वाटेवर दर वीस मीटरला एक मीटर. आजीला मोठ्या वाटेनं न्या, वेळ हातात ठेवून निघा, आणि मध्ये सावलीला बसायला विसरू नका.